गिअर गेला कुठे?

‘तेज चल’चा हिशेब प्रत्येक कॅडेटला पाठ असतो. मिनिटाला 120 पावले, एकेक पाऊल 30 इंचांचे. म्हणजे मिनिटाला सुमारे 91 मीटर, ताशी साडेपाच किलोमीटर. आता एका साध्या पेट्रोल मोटारीला सांगा, की तुकडीच्या मागून याच चालीने ये. तिच्या चाकाचा घेर 1.8 मीटर धरला, तर चाक मिनिटाला जेमतेम 51 फेरे घेईल. पण इंजिन काही 51 फेऱ्यांवर चालत नाही. गाडी नुसती उभी असतानाही ते मिनिटाला 800च्या आसपास फिरत असते. त्याहून फार खाली आणले, की आचके देऊन बंद पडते.

समजा, इंजिन चाकाला थेट जोडले. 800 गुणिले 1.8 करून पाहा. गाडीचा सर्वांत कमी वेग ताशी 86 किलोमीटर येतो! अशी गाडी फाटकातून बाहेर काढणार कशी? म्हणून मध्ये दातेरी चाके बसवावी लागतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण 15 फेरे होतात, तेव्हा चाकाचा एक होतो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसला तरी गाडी माणसाच्या चालीने सरकते, ती त्यामुळे.

फेरे कमी झाले, की त्याच प्रमाणात फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, वाढतो. पहारीने दगड उचलताना हेच होते. आपला हात बराच खाली जातो, दगड बोटभर उचलला जातो, पण उचलला जातो. पहिला गिअर ही गाडीची पहार आहे. मात्र त्याच गिअरमध्ये ताशी 80ने जायचे म्हटले, तर इंजिनाला मिनिटाला 11 हजार फेरे घ्यावे लागतील. घरच्या मोटारीचे इंजिन ते सोसणार नाही. वरच्या गिअरमध्ये तेच काम 3 हजारांत होते. दुसरा, तिसरा, चौथा गिअर ही या दोन टोकांमधली तडजोड.

आणि क्लच? चालत्या इंजिनापासून गिअरबॉक्स क्षणभर वेगळा करायचा आणि पुन्हा अलगद जोडायचा, एवढेच त्याचे काम. पण गुरुग्रामच्या संध्याकाळच्या कोंडीत ते तासाला शेकडो वेळा करावे लागते. हाफ क्लचवर गाडी रेटत राहिलात, तर प्लेट घासून तापते आणि शेवटी जळका वास येतो. हा त्रास ओळखून मारुतीने 2014 साली ग्रेटर नोएडाच्या वाहन प्रदर्शनात सेलेरिओ आणली. तिच्यातला गिअरबॉक्स नेहमीचाच होता, क्लचही होता. फक्त तो दाबायला पायाऐवजी यंत्र ठेवले होते. डावा पाय मोकळा झाला, दातेरी चाके मात्र जागच्या जागी राहिली.

विजेच्या मोटरने या साऱ्या खटाटोपाचे मूळच काढले. तिला ‘किमान फेरे’ ही अटच नाही. शून्यावर उभी असताना ती भरपूर टॉर्क देते, आणि मिनिटाला 10-12 हजार फेरे सहज घेते. त्यामुळे एकच प्रमाण पुरते, साधारण नऊ फेऱ्यांना चाकाचा एक. मागे जायचे असेल, तर मोटरच उलटी फिरवायची. दिल्लीत डीटीसीच्या विजेच्या बस जानेवारी 2022 पासून धावू लागल्या. त्यात बसून कान देऊन ऐका. इंजिनाचा आवाज चढतो, मध्येच पडतो, पुन्हा चढतो, तसे काहीच होत नाही. एकच बारीक शीळ चढत जाते.

तेव्हा ‘इलेक्ट्रिक गाडीला गिअर नसतो’ हे वाक्य तितकेसे बरोबर नाही. गिअर असतो, पण एकच, आणि तो बदलावा लागत नाही. एकावर भागवण्याची किंमतही असते. फार वेगात तो थोडा अपुरा पडतो. पोर्शेने 2019च्या टायकानमध्ये मागच्या धुरीला मुद्दाम दोन गिअर दिले, ते याचसाठी. आपल्या रस्त्यांवर त्याची गरज पडायची नाही, पडूही नये.

पालकांनी पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचावा, कारण सुट्टीत बरीच कुटुंबे मसुरीला जातात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा नियम आहे आणि तो खराच आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढून धरते, ब्रेक तापत नाहीत. ‘पेट्रोल वाचते’ म्हणून उतारावर न्यूट्रल करणारे शहाणे अजूनही भेटतात. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असताना पेट्रोल जवळजवळ बंदच होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागते. म्हणजे धोकाही पत्करला आणि बचतही झाली नाही.

इलेक्ट्रिक गाडीत हे ओढून धरण्याचे काम मोटर करते. उतारावर ती जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत भरते. मसुरी ते देहरादून हा उतार साधारण 1350 मीटरचा. दीड टन वजनाची गाडी तेवढी खाली येताना सुमारे साडेपाच युनिट ऊर्जा मोकळी होते. घर्षणात काही जाते, उरलेली बॅटरीत. पण हॉटेलात रात्रभर चार्जिंग करून सकाळी 100 टक्के भरलेल्या बॅटरीने निघालात तर? भरलेल्या हंड्यात पाणी ओतता येत नाही. मोटर ओढून धरत नाही, किंवा फारच कमी धरते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डोंगरावर मुक्काम असेल, तर 80-85 टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे. हे गाडीच्या पुस्तिकेत असते, पण पुस्तिका वाचतो कोण!

आता सैन्याकडे येऊ. निवडक तुकड्यांमधली सुमारे 25 टक्के हलकी वाहने, 38 टक्के बस आणि 48 टक्के मोटारसायकली विजेवर आणण्याचे लष्कराने ऑक्टोबर 2022 मध्ये जाहीर केले. चार्जिंगची सोय असलेल्या ठिकाणांसाठी हे ठीकच आहे. सीमेवरची गोष्ट वेगळी. कडाक्याच्या थंडीत बॅटरी कमी अंतर देते आणि सावकाश भरते. जेरीकॅनमधून पेट्रोल ओतावे तशी वीज ओतता येत नाही. जिप्सीच्या दुसऱ्या दांडीने चारही चाके जोडून ‘लो’ टाकला, की ती खडकावर इंचाइंचाने चढते. विजेच्या मोटरलाही ते जमते. मात्र चाक अडकून जागच्या जागी जोर लावत राहावे लागले, तर मोटर आणि तिचा नियंत्रक झपाट्याने तापतात.

म्हणून कॅडेटनी गाडी कशावर शिकावी, यावर माझे मत ठाम आहे. आपल्याकडे दुचाकीच्या परवान्यात गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे, मोटारीच्या परवान्यात तो नाही. घरच्या इलेक्ट्रिक गाडीवर शिकलेला मुलगा उद्या कायद्याने जिप्सी चालवू शकतो, प्रत्यक्षात ती त्याच्याकडून पहिल्याच चढावर बंद पडेल. तुमच्या नोकरीची पहिली कित्येक वर्षे तरी क्लचच्याच गाड्या भेटतील. अठरा पूर्ण झाले आणि शिकाऊ परवाना हातात आला, की चढावर हँडब्रेक लावून गाडी उभी करा आणि मागे न घसरता उचलायचा सराव करा. पाचदा बंद पडेल. सहाव्यांदा डाव्या पायाला कळेल, की क्लच नेमका कुठे धरतो.