रविवारच्या आदल्या दिवशी

पहाटे साडेपाच

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस उठल्या उठल्या पंचगंगेची पातळी बघतो. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर हा आकडा बघितल्याशिवाय चहाही गोड लागत नाही. आज पाणी इशाऱ्याच्या जवळ आलंय. राधानगरीचे दरवाजे उघडले की ते आणखी चढणार.

मी पाळक आहे. उद्या ऑगस्टचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना. तिची आखणी मी कोण येणार यापेक्षा कोण येऊ शकणार नाही, इथून सुरू करतो. चिखली-आंबेवाडीकडची तीन घरं, गुडघे धरलेल्या दोन आज्ज्या, रात्रपाळीच्या नर्सबाई. त्यांच्याकडं रविवारी दुपारी भाकर आणि प्याला घेऊन कुणी जायचं, हे आधी ठरतं. व्यासपीठावर काय करायचं ते त्यानंतर.

सात

वाचन ठरलंय ते प्रेषितांच्या कृत्यांमधल्या आठव्या अध्यायाचं. टेबलावर नेहमीचं पवित्र शास्त्र आहे आणि शेजारी फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’. मंडळीत प्रोटेस्टंट वळणाची भाषा चालत असली, तरी नव्यानं येणाऱ्याच्या कानाला काय पटकन कळेल ते बघायला मला दिब्रिटोंचा फार उपयोग होतो.

यरुशलेमहून गाझाकडं उतरणारी वाट आहे. कूशी लोकांच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचं पुस्तक मोठ्यानं वाचतोय. त्याचं पद मोठं आहे, पण तो षंढ आहे, आणि नियमशास्त्राप्रमाणे अशा देहाच्या माणसाला मंडळीत जागा नाही. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात ते स्पष्टच लिहिलंय. तरी हा माणूस एवढ्या लांबून भजनासाठी यरुशलेमला गेला होता. तिथं त्याला कुठपर्यंत आत घेतलं, हे कृत्ये लिहिणारा लूक सांगत नाही. परतीच्या वाटेवर सुवार्तिक फिलिप्प त्याच्या रथात चढून शेजारी बसतो. पुढं पाणी लागतं, तेव्हा तो खजिनदारच विचारतो की आता माझ्या बाप्तिस्म्याला आडकाठी कसली. त्याच्या देहाबद्दल फिलिप्प एक अक्षर काढत नाही. दोघं पाण्यात उतरतात.

तो वाचत होता तो यशयाचा त्रेपन्नावा अध्याय. तीनच अध्याय पुढं, छप्पन्नाव्यात, देव परक्याला आणि नेमक्या याच्यासारख्या माणसाला आपल्या घरात मुलामुलींहूनही मोठं नाव देईन म्हणतो. म्हणून उद्या दोन्ही उतारे वाचायचे, आधी यशया, मग कृत्ये.

हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. काही महिन्यांपासून एक तृतीयपंथी व्यक्ती आमच्याकडं उपासनेला येते. ती शेवटच्या बाकाच्या कडेला बसते आणि आशीर्वाद व्हायच्या आत निघून जाते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या स्त्रीवेशातल्या जोगत्यांना कोल्हापूरनं शतकानुशतकं ओट्यावर, दारात, जत्रेत जागा दिली आहे. माझ्या प्रभूच्या घरात ती जागा शेवटच्या बाकाची कड एवढीच असावी, हे मला सहन होत नाही.

साडेनऊ

उपासना समिती चर्चच्या मागच्या खोलीत जमते. "सलाम पाळकसाहेब" म्हणत पेटीवाले काका येतात, मग स्त्री मंडळाच्या सेक्रेटरीबाई, तरुण संघाचे दोघं, आणि रविवार शाळेच्या शिक्षिका. चहा येईपर्यंत गीतांवरून वाद सुरू झालेला असतो.

तो दर महिन्याला होतो आणि मला तो हवाच असतो. जुन्या मंडळींना ‘उपासना संगीत’मधली विलायती चालीची गीतं हवीत, कारण ती त्यांनी आईच्या मांडीवर ऐकली. पोरांना गिटारवर म्हणता येतील अशी हवीत. माझा ओढा नारायण वामन टिळकांकडं. अभंगाची आणि कीर्तनाची वाट टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला मोकळी करून दिली, आणि पहिल्यांदाच चर्चमध्ये आलेल्या कोल्हापूरकराला टाळ-पेटीचं भजन ऐकून परक्या घरात आल्यासारखं वाटत नाही. उद्यासाठी चार गीतं ठरतात. सुरुवातीला जुनं, अर्पणाला तरुणांचं आणि प्रभुभोजनाच्या आधी-मागं टिळकांची दोन भजनं. काका सवयीनं काळी एक धरतात. ती बायकांना एक तर फार खाली पडते, नाही तर फार वर जाते. सेक्रेटरीबाईंनी आज हट्टानं पट्टी चढवून घेतली. पुरुषांना जरा ताणावं लागेल, ताणू देत.

खरा वेळ जातो बाकांवर. आमच्याकडं जुन्या रिवाजानं डावीकडं बायका आणि उजवीकडं पुरुष. वडील मंडळानं हल्लीच ठराव केला, की ज्यानं त्यानं हवं तिथं बसावं. ठराव झाला, पण माणसं अजून डावी-उजवीकडंच जातात. दारात उभा असलेला सेवकही नकळत हातानं तसंच दाखवतो. ज्या माणसाला डावीकडं पाठवावं की उजवीकडं हेच दारातल्या सेवकाला कळत नाही, त्याच्याकडं मग दोन क्षण नुसतं बघितलं जातं. त्या दोन क्षणांत माणूस काय समजायचं ते समजतो, आणि पुढचा माझा उपदेश कितीही चांगला असला तरी तो ऐकून घ्यायला तिथं उरत नाही.

रविवार शाळेच्या बाई म्हणाल्या, "सूचना देऊन भागणार नाही साहेब. कुणीतरी आधी बसून दाखवायला हवं." मग ठरलं ते असं. समितीतली चार घरं उद्या लवकर येऊन दोन्ही बाजूंच्या तिसऱ्या-चौथ्या बाकांवर नवरा, बायको, पोरं अशी एकत्र बसतील. दारातल्यांनी हात दाखवायचा नाही. पत्रक द्यायचं, नमस्कार करायचा आणि "या, बसा कुठंही" एवढंच म्हणायचं. शेजारी येऊन बसणाऱ्याला गीताचा क्रमांक काढून द्यायचा, कारण नवख्या माणसाची सगळ्यात मोठी धांदल पान शोधण्यात होते.

पत्रकातही दोन बदल झाले. "सर्वांनी उभे राहावे" च्या जागी "ज्यांना शक्य आहे त्यांनी उभे राहावे" आलं. आणि प्रभुभोजनाच्या वेळी ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांनीही पुढं यावं, छातीशी हात धरावा, त्यांच्यासाठी नावानं आशीर्वादाची प्रार्थना होईल, हे ठळक छापायचं. यावर तरुण संघातल्या एकानं विचारलं, हे नवंच काहीतरी नाही का? मी त्याला टिळकांचा ‘देवाचा दरबार’ सांगितला. १९१७ साली, आयुष्याच्या शेवटच्या पर्वात, टिळकांनी साताऱ्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एकच मेळा मांडला. दोन वर्षांनी ते गेले आणि दरबार फार पुढं चालला नाही. पण सातारा इथून दोन-अडीच तासांवर आहे. मोकळ्या दाराची कल्पना आमच्याकडं परदेशातून यायला नको, ती इथल्याच मातीत एकदा रुजवून बघितलेली आहे. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डला युनिटेरियनांच्या कॉलेजात शिकायला गेले आणि परत येऊन त्यांनी ‘उदार धर्म’ हा शब्द आयुष्यभर मिरवला, तोही याच मुलखातला वारसा. ते प्रार्थना समाजाचे, आम्ही ख्रिस्ती मंडळी. पण त्यांच्याकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

साडेअकरा

सेवा समिती आणि शेजारच्या तालमीची पोरं एकत्र बसली. सुतारवाड्यात पाणी शिरलं तर काय, यावर चर्चा. चटया, कोरडे कपडे, टॉर्च, पिण्याचं पाणी, ओआरएस, बायकांसाठी पॅड, लहानग्यांचं दूध. तालमीच्या अध्यक्षांनी जनावरांच्या चाऱ्याचं बघतो म्हणून सांगितलं. चारा आम्ही विसरलो असतो असं नाही, पण कडब्याचा ट्रक कुणाकडून मिळतो हे त्यांना जास्त ठाऊक. आमचा हॉल आणि शेजारच्या मशिदीची वरची खोली, दोन्ही रिकामी ठेवायची.

आमचा एक नियम आहे. मदतीच्या पिशवीत पत्रिका नाही, वचनाचं कार्ड नाही, चर्चचं नावही नाही. तरुण संघातली एक मुलगी दरवेळी यावरून भांडते आणि तिचं भांडण मनापासूनचं आहे. "मग आपण दिलंय हे त्यांना कळायचं कसं? आपण लाजायलोय का?"

मी तिला सांगितलं, लाजत नाही. कुणी विचारलं तर चर्चमधून आलोय म्हणून छाती काढून सांगायचं. पण घरात पाणी शिरलेल्या बाईच्या हातात आपण ब्लँकेट देतो, तेव्हा ती नाही म्हणू शकत नाही. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्यापुढं श्रद्धेचा विषय काढणं हा तिच्यावर अन्याय आहे. शिवाय मदतीआडून धर्म बदलवतात हा आरोप आमच्यावर उठता-बसता होतो. त्याला उत्तर भाषणानं देता येणार नाही, पिशवी उघडून दाखवूनच देता येईल.

ती म्हणाली, "आणि वाइल्डरसाहेब?" प्रश्न रास्त होता. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले ते सुवार्ता सांगायलाच. शाळा काढल्या, त्याही त्याच ओढीनं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला आणि पुढं त्यानं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना परदेशी मिशनकार्याला बोलावणारी मोठी चळवळ उभी केली. त्या शाळांमधून शिकलेल्यांची आम्ही नातवंडं-पतवंडं आहोत, हे ऋण मी नाकारणार नाही. पण याच शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, आणि १९१५ मध्ये इंडियन ख्रिश्चन होस्टेल. ज्या राजानं तुमचा धर्म कोणता हे विचारून त्याप्रमाणे छप्पर दिलं आणि बदल्यात धर्माबद्दल काही मागितलं नाही, त्याच्या गावात आम्ही राहतो. सेवा करताना मला दोघंही आठवतात. नियम मात्र मी महाराजांकडून घेतो.

तिला पटलं की नाही माहीत नाही. पिशव्या बांधायला ती सगळ्यात आधी बसली.

दोन

सीपीआर रुग्णालयात एक पेशंट, तिथून राजारामपुरीत एक घर. जेवण उशिरा आणि घाईचं.

चार

राजारामपुरीतल्या घरचा मुलगा विशेष विवाह कायद्यानं लग्न करतोय. मुलगी हिंदू आहे. १९५४ च्या त्या कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते, आणि ते तीस दिवस दोन्हीकडच्या नातेवाइकांना बोलायला पुरेसे होतात. मुलाची आई रडत होती. मुलगी येऊन माझ्या पाया पडली आणि विचारलं, आम्हाला चर्चमध्ये आशीर्वाद मिळेल का, मी माझा देव सोडणार नाही. मी हो म्हणालो. उपासनेत, मंडळीपुढं, तिच्या आईवडिलांना पहिल्या बाकावर बसवून. त्या दिवसाची प्रार्थना तिच्या आईला सुरुवातीपासून शेवटपर्यंत कळेल अशा मराठीत लिहायची, हे मी तिथंच वहीत टिपून घेतलं.

परत येईतो स्वयंपाकघरात तासगावचे बेदाणे उकळायला लागले होते. आमच्याकडं प्रभुभोजनाचा द्राक्षरस असा घरीच होतो. एका वाटी बेदाण्याला तीन वाट्या पाणी, मंद आचेवर, मग फडक्यातून गाळून पिळायचं. हे काम एका आज्जींकडं आहे आणि त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांच्या लहानपणी गावाकडं एकाच प्याल्याला ओठ लावायचा म्हणून माणसं उठून गेलेली त्यांनी पाहिली आहेत. ज्याची जात खालची मानली, त्यानं प्यालेला प्याला पुढं घ्यायला ती तयार नव्हती. "तवा बी म्हणत हुते मंडळी फुटंल," त्या फडकं पिळत म्हणाल्या. "कुठं फुटली?"

सात

गाण्याचा सराव. चढवलेल्या पट्टीत पुरुषांचे आवाज दोन कडव्यांनंतर बसतात, म्हणून तिसरं कडवं फक्त बायकांनी म्हणायचं ठरलं. ते इतकं चांगलं झालं की तसंच ठेवलं.

साडेआठ

मंडळीतल्या एका ज्येष्ठ वडिलांचा फोन. मी ज्यांचा फार आदर करतो अशांपैकी ते एक. "पाळकसाहेब, उद्या काय वाचणार ते कळलं. दोन उतारे एकदम कशाला? लोकांना बोट दाखवल्यासारखं होईल."

त्यांचं म्हणणं मी टाळलं नाही, कारण त्यात तथ्य होतं. उपदेशात त्या व्यक्तीकडं बघून एकही वाक्य बोलायचं नाही, उदाहरण म्हणून तिला वापरायचं नाही, हे मी त्यांना कबूल केलं. स्वागताचा विषय झाला की ज्याचं स्वागत करायचं तोच संकोचून जातो, हे मी बघितलंय. पण वाचन बदलणार नाही, हेही सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये तृतीयपंथी नागरिकांची ओळख मान्य केली, २०१८ मध्ये ३७७ कलमाचा तो जुना जाच संपवला. आम्ही मात्र अजून दारातच घुटमळतोय, आणि आमच्याकडं तर कितीतरी आधीचा यशया आहे.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही. त्या लोकांबद्दल मला कळत नाही, एवढं खरं. वाचन माझ्याकडं देऊ नका."

"बरं."

"पण दारात उभं राहायची पाळी माझी आहे ना उद्या? ती माझीच राहू द्या. पत्रक मी देईन."

मी त्यांना "या, बसा कुठंही" हे वाक्य सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून बघितलं आणि विचारलं, पावसाचं मंडळी उशिरा येतील, दार किती वाजता उघडायचं? सव्वाआठला, मी म्हणालो. ते म्हणाले, आठला येतो, पायपुसणी तरी कोरडी घालायला पाहिजेत.