घराच्या लाकडाला वाळवीपासून अभय

सागाचा जून गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. म्हणूनच आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तुळया, वासे आणि खांब यांसाठी सागवानास पसंती मिळाली. आज ते सर्वांच्याच आवाक्यात नाही. चीड, आंबा यांसारखी लाकडे तुलनेने स्वस्त खरी. परंतु कोकणासारख्या दमट हवेत त्यांना बुरशी आणि कीड लवकर लागते. अशा लाकडास टिकाऊपणा देण्याचा मार्ग म्हणजे रासायनिक परिरक्षण.

या क्षेत्रात भारताचे योगदान मोलाचे आहे. देहरादून येथील वन संशोधन संस्थेत काम करणारे सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण सिद्ध केले. बंद टाकीत ठेवलेल्या लाकडातील हवा प्रथम काढून घेतात आणि नंतर हे द्रावण दाबाखाली आत भरतात. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक किडीला. तर क्रोमियम या दोहोंना लाकडाशी बांधून ठेवते.

मात्र हे संरक्षण चिलखतासारखे असते. द्रावण बाहेरच्या कोवळ्या लाकडात मुरते, गाभ्यात फारसे शिरत नाही. चिलखतास छिद्र पडले, की शत्रूला वाट मिळाली! म्हणून लाकूड घरी आल्यानंतरची काळजी प्रक्रियेइतकीच महत्त्वाची ठरते.

निवड

केवळ हिरवट रंगावर विसंबू नये. एखादा नग टोकापासून वीतभर आत कापून रंग किती खोल गेला आहे, ते पाहावे. प्रक्रिया भारतीय मानक ४०१ नुसार झाली आहे काय, याची विचारणा करावी. टाकणखारासारख्या बोरॉनयुक्त द्रव्यांची प्रक्रिया केलेले लाकूड छपराखाली चांगले टिकते. पावसात मात्र ती द्रव्ये धुऊन जातात. जेथे सतत हात लागतो, तेथे आर्सेनिकविरहित प्रक्रियेचे लाकूड घ्यावे. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस निवासी वापराच्या बहुतेक लाकडासाठी आर्सेनिकयुक्त मिश्रणाचा वापर थांबविण्यात आला.

साठवण

ओल्या लाकडाची जोडणी करू नये. वाळताना ते आकसते, पिळते आणि सांधे सैल होतात. लाकूड जमिनीपासून फूटभर उंच, सावलीत रचावे. प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून वारा खेळता ठेवावा. वरून आच्छादन असावे. पण बाजू झाकू नयेत.

जोडणी

मापाची कापणी व छिद्रे शक्यतो प्रक्रियेपूर्वीच उरकावीत. नंतर कापावे लागल्यास प्रत्येक उघड्या भागास परिरक्षक द्रावणाचे दोन हात द्यावेत. तांबेयुक्त लाकडात साधे लोखंड लवकर गंजते. यास्तव जस्ताचा मुलामा दिलेले खिळे व बोल्ट वापरावेत. टोकाजवळ खिळा ठोकण्यापूर्वी बारीक छिद्र पाडावे, म्हणजे लाकूड चिरत नाही. खांब मातीत न पुरता जोत्यावरील दगडावर उभा करावा. भिंतीत जाणाऱ्या तुळईच्या टोकाभोवती हवेस थोडी जागा ठेवावी.

शेवटी एक सूचना. या लाकडाचे तुकडे व भुसा चुलीत कदापि जाळू नयेत. आर्सेनिकयुक्त धूर आणि राख दोन्ही विषारी असतात. भुसा गुरांच्या गोठ्यातही पसरू नये. कापताना नाकातोंडावर फडके बांधावे आणि काम संपताच हात स्वच्छ धुवावेत. एवढी दक्षता घेतल्यास साध्या लाकडाचे छप्परही अनेक पावसाळे निर्धास्तपणे झेलील आणि कुटुंबाच्या कष्टाचा पैसा वाळवीच्या मुखी पडणार नाही.