थंडीचा अंदाज: मोबाईलमधला आकडा आणि आपलं वावर



थंडी वाढली की रोज एकच प्रश्न येतो, "ॲपमध्ये ९ अंश दाखवतंय, तुरीवर दवाळ पडेल का?" नुसत्या आकड्यावरून ते सांगता येत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

हवामान खातं तापमान मोजतं ते जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत. आपलं पीक मात्र उघड्यावर उभं असतं. आभाळ मोकळं, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली की पानं त्या पेटीतल्या हवेपेक्षा ३ ते ५ अंशांनी जास्त गार होऊ शकतात. शिवाय थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराने खाली येऊन साचते. म्हणून एकाच रात्री माळावरची तूर शाबूत राहते आणि नाल्याकाठची करपते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. अशी रात्र आली तर खोलगट वावरात पानावर शून्याच्या आसपास जायला वेळ लागत नाही.

तेव्हा ९ अंशाला घाबरू नका. आकडा ६ च्या खाली आणि संध्याकाळी वारा एकदम थांबला, तर सखल वावरवाल्यांनी फुलोऱ्यातल्या, कोवळ्या शेंगांच्या तुरीला आणि भाजीपाल्याला हलकं पाणी द्यावं. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. लाईन रात्रपाळीची असेल तर निदान त्याच पट्ट्याला आधी द्या, सगळं वावर भिजवत बसू नका. बांधावरच्या धुराचा उपयोग थोडाच, तोही वारा नसला तर. संत्र्याच्या नवीन कलमांना तुराट्यांचा आडोसा करा, पूर्व-दक्षिण बाजू उन्हासाठी मोकळी ठेवा.

हरभऱ्याला थंडी म्हणून पाणी देऊ नका. गहू आणि हरभऱ्याला ही थंडी मानवते. हरभऱ्याला पाणी फांद्या फुटताना आणि घाटे भरताना. ऐन फुलोऱ्यात दिलं तर नुसती शाकीय वाढ होते, फुलं गळतात.

आता पुढच्या अंदाजाबद्दल. डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज "सरासरीपेक्षा थंड" म्हणतो, तेव्हा तो तीन महिन्यांची सरासरी सांगतो. कोणती रात्र कडक जाईल हे त्यात नसतं. दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज पाण्याची पाळी आखायला पुरतो. फवारणी आणि रात्रीचं पाणी मात्र नागपूर केंद्राच्या पाच दिवसांच्या अंदाजावरच ठरवा.

मला थंडीपेक्षा काळजी वाटते ती थंडी मोडण्याची. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ आला की आपल्याकडचा गार वारा थांबतो, ढग येतात, रात्री उबदार होतात, सकाळी धुवारी. घाटे अळी वाढते ती याच दिवसांत. एकरी २० पक्षीथांबे आणि २ कामगंध सापळे आत्ताच लावून घ्या. एक मीटर ओळीत १-२ अळ्या दिसल्या तर फवारणीचं बघू. त्याआधी दुकानदाराने टॉनिकसोबत औषध दिलं तरी घरी आणू नका.

गुरुवारचा अंदाज शुक्रवारी सकाळी पाठवतो. ज्यांचं वावर नाल्याकाठी किंवा खोलगट आहे त्यांनी गाव आणि पीक लिहून पाठवा. कडक रात्रीची शक्यता दिसली तर त्यांना दुपारीच फोन करता येईल.