तिरप्या शिवणीचा हिशेब

आठ शंकरपाळे घ्यायचे, प्रत्येकाचं टोक ४५ अंशांचं. आठही टोकं मध्यभागी भिडवली की अष्टकोनी तारा तयार. कागदावर यात काही कठीण नाही. पंचेचाळीस आठे तीनशे साठ. कापडावर मात्र हा पाढा चुकतो. प्रत्येक कोन एकेका अंशाने कमी कापला गेला तर बेरीज ३५२ होते आणि तारा सपाट बसत नाही, मध्ये फुगून उभा राहतो. एकेक अंश वाढला तर ३६८ होतात आणि कडा लाटा घेऊ लागतात. कापणी अचूक झाली तरी शिवण उरतेच. प्रत्येक टिपेत माया अर्धा सूत जास्त गेली, तर दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत जातं. आठ टिपांत आठ सूत, म्हणजे पुरा इंच.

त्यापुढे ताऱ्याच्या दोन पाकळ्यांमधल्या खाचा. तिथे चौकोन किंवा त्रिकोण बसवायचा, तर १३५, १३५ आणि ९० अंशांचे तीन तुकडे एकाच बिंदूत मिळतात. सरळ टीप मारत जाऊन हा सांधा होत नाही. गोधडीकामातला सगळ्यात चिवट सांधा हाच.

त्याचं कारण मागावर सापडतं. कापडात धागे दोनच दिशांना धावतात, ताणा उभा आणि बाणा आडवा. या दोन दिशांना कापड ओढलं तर ते फारसं ताणत नाही. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढलं की धाग्यांमधले चौकोन मोडून शंकरपाळे होतात आणि कापड लांबतं. शिंपी याला उरेब म्हणतात. गळ्याची, मुंढ्याची पट्टी उरेब कापतात, कारण ती वळणावर लवते. पट्टीत उपयोगी पडणारा हाच गुण गोधडीच्या तिरप्या कडेला नडतो. नुसतं हाताळताना, इस्त्री सरकवतानाही कड लांबते आणि मोजून कापलेला कोन पसरतो.

नागपूरला हे नव्याने सांगावं लागू नये. महाल, इतवारी, पाचपावली या भागांत कोष्टी आणि हलबा विणकरांचे माग पिढ्यान्‌पिढ्या चालले. नागपूर, उमरेड, पवनीची रेशीमकाठी लुगडी दूरवर नावाजलेली. विदर्भातल्या टसरच्या करवतकाठी साडीला तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे; तिच्या काठाला करवतीच्या दात्यांसारखे त्रिकोण असतात. मागावर तिरपी रेघ अशी नसतेच. विणकर तिथे एकेक धागा सरकवत बारीक पायऱ्या रचतो आणि डोळ्याला त्या तिरप्या दिसतात. कुठलाच धागा तिरपा कापला जात नाही, म्हणून करवतीचा दाता कधी ताणत नाही. कात्रीने कापलेल्या त्रिकोणाला हे संरक्षण नसतं.

रेल्वे १८६७ साली नागपुरात पोचली. जमशेटजी टाटांनी १८७४ साली कंपनी उभी केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं गेलं, त्यावरून गिरणीचं नाव पडलं. हातमागाचं लुगडं आणि गिरणीचं धोतर, दोन्हींचा शेवटचा मुक्काम एकच होता, वाकळ. नेसून, धुऊन, उन्हात वाळवून मऊ झालेल्या सुती कापडाचं आटणं संपलेलं असतं. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि प्रत्येक तुकडा आपापल्या प्रमाणात आटल्यामुळे शिवणीला चुण्या पडतात. जुनेरं वापरण्यात काटकसर होतीच, पण कारागिरीचा शहाणपणाही होता.

त्याहून मोठा शहाणपणा रचनेत आहे. आपल्याकडची गोधडी तुकड्याला तुकडा जोडून क्वचितच होते. खाली अखंड लुगडं अंथरतात, त्यावर धोतरं, चादरी, फाटकी पांघरुणं यांचे थर लावतात आणि वरून तुकडे मांडून, कडा आत मुडपून, सगळ्या थरांतून धावदोरा घालतात. तिरपी कड इथे दुसऱ्या तिरप्या कडेच्या भरवशावर नसते. तिचा ताण खालचं अखंड कापड झेलतं आणि जवळजवळ घातलेल्या ओळी तो सगळीकडे वाटून टाकतात. शंकरपाळ्याचा कोन दोन अंशांनी चुकला, तर शेजारचा तुकडा थोडा वर सरकवायचा. तीन तुकड्यांच्या सांध्याचा प्रश्न इथे उद्‌भवतच नाही.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्यांची सुरुवात कोपऱ्यापासून होते आणि कडेकडेने फिरत त्या मध्याकडे येतात. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी कापडाचा ‘फुला’ लावल्याशिवाय कवंदी पुरी मानत नाहीत. घडीच्या त्रिकोणात भूमिती दडलेली असते. चौकोनी तुकडा कर्णावर दुमडला आणि पुन्हा एकदा दुमडला, तर बाहेर दिसणाऱ्या दोन्ही तिरप्या कडा घडीच्या होतात आणि दोरे सुटणारी मूळ कड सरळ धाग्यावर राहून शिवणीत जाते. उरेब कड कापायचीच नाही, नुसती दुमडायची.

युरोपाने कागदाचा आधार घेतला. ब्रिटनमधलं तारीख असलेलं सर्वांत जुनं ठिगळकाम, १७१८ सालचं रेशमी पांघरूण, याच रीतीने शिवलेलं आहे. कागदाचा नेमका आकार कापायचा, कापड त्यावर मुडपून टाचायचं, कडेला कड लावून बारीक टाक्यांनी सांधायचं आणि शेवटी कागद काढून घ्यायचा. कड ताणायला जाते तेव्हा कागद तिला धरून ठेवतो. अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने १८३५ साली षटकोनी ठिगळांचा नमुना छापला, तोही याच पद्धतीचा. विणकर ताण्याला पाजणी देतो आणि शिवणारी बाई तिरप्या कडेला खळ लावते, ते कागदाचंच काम करतात: काम पुरं होईपर्यंत धाग्याचं, कापडाचं चंचलपण थांबवणं.

मशीनवर तीन तुकड्यांच्या सांध्याची रीत ठरलेली आहे. पाव इंच माया धरायची, कोपऱ्यावर पाव इंच आधीच टीप थांबवायची, दोरा पक्का करायचा आणि पुढची माया मोकळी सोडायची. मग तिसरा तुकडा एका बाजूने त्या बिंदूपर्यंत शिवायचा, सुई कापडात रोवून तुकडा फिरवायचा आणि दुसरी बाजू शिवायची. बंडीच्या काखेत चौबगला बसवणाऱ्या शिंप्याला यात काहीच नवीन वाटणार नाही. चारही कोपऱ्यांवर त्याला हेच करावं लागतं.

तारा मशीनवर शिवताना चार चौकोन आणि चार त्रिकोण खाचांत बसवावे लागतात, म्हणजे आठ अवघड सांधे. पण आठ शंकरपाळे सरळ टिपांनी जोडून तारा पुरा करावा, त्याची बाहेरची कड खळ लावून आत मुडपावी आणि तो अखंड लुगड्यावर मांडून धावदोऱ्याने बसवावा, तर हे आठही सांधे वाचतात. याला कुणी पळवाट म्हणेल. माझ्या मते गोधडीची मूळ रीत हीच आहे: जिथे कापड ताणणार, तिथे त्याला दुसऱ्या ताणणाऱ्या कापडाशी बांधू नये, न ताणणाऱ्या कापडावर टेकू द्यावं.