आमिश लोकांची साधी राहणी

अमेरिकेचें नांव निघालें कीं, उत्तुंग इमारती, मोटारी व विजेचा झगझगाट हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु त्याच देशांत, विशेषतः पेन्सिल्वेनिया, ओहायो व इंडियाना या संस्थानांत, आजही घोड्याच्या गाडींतून बाजारास जाणारे व घरांत विजेची तार न घेणारे लोक आहेत. त्यांस आमिश म्हणतात. त्यांची संख्या सुमारें ४ लक्ष आहे. हे लोक अज्ञानामुळें असे राहतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

इ. स. १५२५ मध्यें स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं कांहीं ख्रिस्ती लोकांनीं असें मत मांडिलें कीं, बाप्तिस्मा अजाण अर्भकास न देतां, जाणत्या मनुष्यानें तो स्वेच्छेनें घ्यावा. या मतापायीं त्यांच्यापैकीं कित्येकांस प्राणांस मुकावें लागलें. याच पंथांत १६९३ सालीं जेकब आम्मान या पुढाऱ्यानें अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरिला. त्याचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकांत ते धर्मस्वातंत्र्याच्या आशेनें पेन्सिल्वेनियांत येऊन शेती करूं लागले. घरांत ते अजून एक प्रकारची जर्मन बोलीच बोलतात.

त्यांचा पोषाख पाहतांच ओळखूं येतो. पुरुष रुंद कांठाची टोपी व गडद रंगाचा कोट घालतात. कोटास बहुधा गुंड्या नसून हूक असतात. लग्न झाल्यावर ते दाढी राखतात, परंतु मिशी ठेवीत नाहींत. याचें कारण असें सांगतात कीं, पूर्वीं युरोपांत मिशा व चकचकीत गुंड्या हीं शिपाईगिरीचीं चिन्हें होतीं. आणि हे लोक तर शस्त्र धरणें पाप मानितात. स्त्रियांचा झगा लांब व एकरंगी असतो. त्या केस कापीत नाहींत, डोकें टोपीनें झांकतात आणि लग्नाची आंगठीसुद्धां घालीत नाहींत. कोणी कोणापुढें मिरवूं नये, हा यांतील हेतु.

सुमारें वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी असते. तिची उपासना देवळांत न होतां आळीपाळीनें घरोघरीं होते. कोणती नवी वस्तु घ्यावी व कोणती घेऊं नये, हें मंडळी विचार करून ठरविते. मोटार घेतली तर माणसें दूर दूर पांगतील, म्हणून ती नको. मात्र भाड्याच्या मोटारींत बसण्यास पुष्कळ ठिकाणीं मनाई नाहीं. टेलिफोन घरांत नको, कारण मग कोणी कोणाकडे जाणार नाहीं. परंतु अडीअडचणीसाठीं तो रस्त्याकडेच्या खोपटांत चालतो. ‘हें आपणांस शेजाऱ्यापासून तोडील काय?’ हीच त्यांची कसोटी. एखाद्याचें धान्याचें कोठार जळालें, तर शेंकडों शेजारी जमून पुष्कळदां एका दिवसांत नव्याचा सांगाडा उभा करितात. त्यांस मजुरी नाहीं. जेवण मात्र सर्वांस एकत्र मिळतें.

परंतु या जीवनाची किंमतही आहे, ती लपवूं नये. आमिश मुलांचें शिक्षण आठव्या इयत्तेबरोबर संपतें. पुढें शाळेंत न पाठविल्याबद्दल विस्कॉन्सिन संस्थानांत कांहीं पालकांस प्रत्येकीं ५ डॉलर दंड झाला. तो खटला वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला व १९७२ सालीं पालकांच्या बाजूनें निकाल लागला. तेव्हां न्यायमूर्ति डग्लस यांनीं अंशतः भिन्न मत नोंदविलें कीं, ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न, त्या मुलांचेंही म्हणणें ऐकावयास हवें. तसेंच, बाप्तिस्मा घ्यावा कीं नाहीं हें तरुणांनीं स्वतः ठरवावयाचें असतें व बहुतेक तो घेतात. पण घेतल्यावर जो पंथ सोडितो, त्याच्याबरोबर आप्तही एका मेजावर जेवीत नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, ज्या वर्गांत तुम्ही आज बसतां, त्याचें दार आमिश मुलांस बंद असतें. तेव्हां त्यांचें अनुकरण करा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घरांत नवी वस्तु येण्यापूर्वीं ते जो प्रश्न विचारितात, तो आपणही विचारावा. आणि न्यायमूर्ति डग्लस यांचा प्रश्न पालकांनीं मनांत बाळगावा, एवढीच आमची विनंती आहे.