कॉफीच्या घाऊक व्यापारातील संज्ञा व त्यांचा अर्थनिर्णय

कोणत्याही व्यवसायाची परिभाषा ही त्या व्यवसायातील लोकांची केवळ सोय नसते; शब्दाच्या अर्थावर तेथे वस्तूचे मोल ठरत असते. कॉफी भाजून विकणारा स्थानिक दुकानदार आणि त्याजकडून घाऊक माल घेणारा लहान उपाहारगृहाचा चालक यांचा व्यवहार या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मुंबईत माटुंग्यास दाक्षिणात्य वस्तीच्या आश्रयाने अशी दुकाने रुजली. या व्यापारात वापरल्या जाणाऱ्या संज्ञांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : प्रक्रियावाचक, आकारवाचक व गुणवाचक.

पहिल्या वर्गात 'प्लँटेशन', 'पार्चमेंट' व 'चेरी' हे शब्द येतात. 'प्लँटेशन' म्हणजे वस्तुतः मळा. परंतु भारतीय कॉफीच्या बाजारात त्याचा अर्थ 'गर काढून, पाण्याने धुऊन तयार केलेली अरेबिका' असा आहे. स्थलवाचक शब्द येथे लक्षणेने प्रक्रियावाचक झाला आहे. रोबस्टाही मळ्यातच पिकते. तथापि याच रीतीने धुतलेल्या रोबस्टास, बियांवरील पातळ कवचाच्या नावावरून, 'पार्चमेंट' म्हणतात. 'चेरी' हे मुळात फळाचे नाव. व्यापारात मात्र फळ न सोलता उन्हात वाळवून काढलेल्या बियांस ते लावतात. ही संज्ञा अरेबिका व रोबस्टा या दोहोंस लागू पडते. नुसते 'चेरी' म्हटल्याने जातीचा बोध होत नाही आणि रोबस्टा सामान्यतः स्वस्त, अधिक कडवट व सुमारे दुप्पट कॅफीनयुक्त असल्याने ही संदिग्धता ग्राहकास महाग पडू शकते.

दुसरा वर्ग आकारवाचक संज्ञांचा. 'प्लँटेशन ए' यातील 'ए' हे अक्षर उत्तमतेचे निदर्शक मानले जाते. प्रत्यक्षात ते प्रामुख्याने चाळणीच्या छिद्राचे माप सांगते. 'एए' हा त्याहून मोठा दाणा होय. 'पीबी' म्हणजे पीबेरी. एका फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोलसर बी धरली म्हणजे तिला हे नाव मिळते. आकार सारखा असल्यास दाणे सारखे भाजले जातात, हा त्याचा खरा उपयोग. चवीची हमी या अक्षरांत नाही.

१९४२ च्या कायद्यान्वये कॉफी मंडळाकडे एकवटलेली विक्रीव्यवस्था १९९० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने संपुष्टात आली व मळेवाल्यांस थेट विक्रीची मुभा मिळाली. प्रतवारीच्या या संज्ञा मात्र टिकून राहिल्या.

तिसरा, गुणवाचक वर्ग सर्वांत निसरडा आहे. 'शुद्ध' याचा व्यापारी अर्थ 'चिकोरीविरहित' एवढाच. निव्वळ रोबस्टाही या अर्थाने शुद्धच ठरते. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी व दोहोंचे प्रमाण वेष्टनावर नमूद असावे, असा भारतातील अन्नसुरक्षेचा नियम आहे. उदाहरणार्थ, कॉफी किलोस ८०० रुपये व चिकोरी २०० रुपये असे धरल्यास ८०:२० मिश्रणाचे मूल्य ६८० रुपये, तर ६०:४० चे ५६० रुपये होते. या १२० रुपयांच्या फरकास सवलत म्हणता येत नाही; तेथे वस्तूच पालटलेली असते.

'ताजी' हे विशेषण कोणत्या क्रियेस लागते, हेही पाहिले पाहिजे. आज दळलेली कॉफी महिन्यापूर्वी भाजलेली असू शकते. दळल्यावर सुवास फार लवकर उडतो. यास्तव दाणे घेऊन गरजेपुरते दळणे, अथवा थोडा माल वरचेवर घेणे, हिताचे. कच्चे दाणे भाजावयास दिल्यास वजनात साधारणतः १५ ते २० टक्के घट येते; म्हणून भाव कच्च्या मालाचा की भाजलेल्या, हा खुलासाही अवश्य करून घ्यावा.

सर्वांत फसवा शब्द 'नेहमीची' हा होय. तो वस्तूचे वर्णन करीत नाही, केवळ मागील व्यवहाराकडे बोट दाखवितो. आणि पीक, भाव वा मिश्रण बदलले तरी शब्द तोच राहतो. ज्याच्या गिऱ्हाइकास रोज तीच चव हवी असते, अशा उपाहारगृहास हा बदल विशेष जाचतो. म्हणून मागणीपत्रावर जात, प्रक्रिया, दाण्याचा आकार, चिकोरीचे प्रमाण, भाजण्याची तारीख व दळण्याची जाडी ही सहा अंगे स्पष्ट लिहिणे श्रेयस्कर. त्यामुळे दोन दुकानांच्या भावांची यथार्थ तुलना करता येते आणि तक्रारीच्या प्रसंगी वाद शब्दाच्या अर्थाविषयी न राहता मालाविषयी राहतो.