घराला कुलूप, वायफायला काय?

पूर्वी शेजारीण विरजण मागायला यायची, वाटीभर साखर मागायला यायची. आता आमच्या तिवस्यात तिचा पोरगा येतो आणि दारातूनच विचारतो, "काकू, तुमचं वायफाय आमच्या घरी पकडते. पासवर्ड सांगा ना!" महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेली भाचरंही पान वाढायच्या आधी हेच विचारतात. नाही म्हणायला जीव होत नाही. पण मैत्रिणींनो, विरजण दिलं की आपला संबंध संपतो. पासवर्ड दिला की त्यावरून जे होईल त्याचा माग आपल्याच दारी येतो.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. माग निघाला तो नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटचा. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांची चौकशी झाली, कॉम्प्युटर तपासायला नेले. शेवटी कळलं, त्यांच्या वायफायचा दुसऱ्याच कोणी वापर केला होता. पुढच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरची एक कंपनी यांच्या वायफायवरून गेले. भिंतीपलीकडे जाणाऱ्या लहरींना कडीकोयंडा नसतो, हे तेव्हा सगळ्यांना समजलं.

तो कडीकोयंडा म्हणजे काय, ते आता बघू. शब्द इंग्रजी आहेत, पण अवघड नाहीत.

राउटर म्हणजे केबलवाला लावून जातो ती दिवे लुकलुकणारी डबी. एसएसआयडी म्हणजे मोबाइलवर दिसणारं आपल्या वायफायचं नाव. त्यात आडनाव किंवा घर नंबर टाकू नका. माझ्या राउटरचं नाव मी 'पारिजात' ठेवलंय.

एन्क्रिप्शन म्हणजे हवेतून जाणारा मजकूर कुलूपबंद करणं. त्याचं सर्वांत जुनं कुलूप डब्ल्यूईपी. ते २००१ सालीच फोडता येऊ लागलं, म्हणून ते नकोच. २००४ चं डब्ल्यूपीए२ चालेल आणि २०१८ चं डब्ल्यूपीए३ मिळालं तर उत्तम.

पासवर्ड दोन असतात, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. एक वायफायचा, तो कमीत कमी आठ अक्षरी लागतो. पण बारा-पंधरा अक्षरांचा ठेवावा. मोबाइल नंबर किंवा मुलांची नावं नकोत. दुसरा ॲडमिन पासवर्ड. तो राउटरच्या सेटिंगचा, म्हणजे तिजोरीची किल्लीच. तो बहुधा कंपनीने दिला तसाच राहतो. आधी तो बदला.

डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्ड न टाकता जोडणी करून देणारी सोय. त्यातल्या पिनची कमजोरी २०११ मध्ये उघड झाली, म्हणून ती बंद ठेवा. फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतली प्रणाली. तिचं अपडेट आलं की करून घ्या.

मग पाहुण्यांचं काय? बऱ्याच राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. त्याचा पासवर्ड वेगळा, आणि त्यावरच्या मोबाइलला बहुधा आपले बाकीचे कॉम्प्युटर दिसत नाहीत. जणू पाहुण्यांना ओसरीवर बसवलं, माजघरात नाही. मात्र तेही नेट आपल्याच नावावर चालतं. म्हणून पाहुणे गेले की बंद करायचं.

आणि शेजारच्या पोराचं? अभ्यासाचा फॉर्म भरायचा असेल तर त्याला घरात बोलवा, समोर बसून भरू द्या. चहाही द्या. नातं पासवर्डवर टिकत नाही.

"हे यांचं काम, मला काय समजते त्यातलं?" असं म्हणू नका. दिवसभर घरात आपण असतो. कनेक्शनच्या अर्जावर तुमची सही असेल तर विचारणाही आधी तुम्हालाच होईल. पुढच्या वेळी केबलवाला पोऱ्या आला की त्याला सेटिंग उघडायला सांगा, जोडलेल्या मोबाइलची यादी बघा. घरात मोबाइल चार आणि यादीत नऊ दिसले, तर पासवर्ड त्याच दिवशी बदला.